भूपाल आण्णाप्पा मगदूम, मारले शून्य

"सर्जाभाऊ, तो चहा ठेवा खाली आणि आत या. तुमचा भूपाल बोलायलाय."

तौफिक मुल्लाणीनं हे सांगितलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि भूपाल माझ्याशी शेवटचं बोलून चार महिने झाले होते. मला वाटलं फोन आलाय. अर्धा ग्लास कट्ट्यावर ठेवून मी त्याच्या नेट कॅफेत घुसलो. फोनबिन काही नव्हता. तौफिकनं माझ्या डोक्यावर कानटोपीएवढा हेडफोन चढवला आणि पडद्याकडं बोट केलं.

पडद्यावर लढाई जुंपली होती. पाच इकडचे, पाच तिकडचे, मधे एक फाटक. ते फाटक तीन मिनिटं धरून ठेवलं की जिंकलं, एवढाच खेळ. फाटकात एक धूड उभं होतं. नखशिखांत लोखंड, हातात टेम्पोच्या सायलेन्सरएवढी जाड बंदूक. अंगावर गोळ्या आदळत होत्या आणि ते जागचं हलत नव्हतं. मग कानात आवाज आला. सावकाश, जड, एकेक शब्द खाली ठेवत ठेवत.

"घाई करू नका पोरांनो. भिंत सोडू नका. मी हाय हितं."

एकोणीस वर्षं मी हा आवाज जिन्याच्या खालच्या अंगानं ऐकला होता. चुकायची सोयच नव्हती. शिवाय त्या धुडाच्या डोक्यावर नाव तरंगत होतं. बाकीच्यांची नावं किलर, डेथ डॉन, वाघ नंबर वन असली काहीतरी. याचं नाव भूपाल आण्णाप्पा मगदूम. रेशनकार्डावर असतं तसं, वडलांच्या नावासकट. गेमनं नाव विचारलं, यानं भरलं. फॉर्मात खोटं लिहायचं नसतं, एवढंच त्याला ठाऊक.

"नऊ दिवस झाले बघायलोय," तौफिक म्हणाला. त्याचा धंदा मशीन भाड्यानं द्यायचा, पण जीव सगळा असल्या खेळांत. "ह्या चिलखतवाल्याला आमची पोरं तिजोरी म्हणतात. चालायला मंद, वळायला मंद, मरायला अवघड. तिजोरी घेऊन लोक एका डावात वीस-वीस जण लोळवतात. आणि हे बघा."

त्यानं एक बटण दाबलं, तक्ता आला. कुणी किती मारले त्याचा रकाना होता. मगदुमाच्या नावासमोर शून्य.

"नऊ दिवसांत एक माणूस मारलेला नाही. आणि दहातले सात डाव त्याचीच बाजू जिंकत्या. मला कळंना झालंय. तुम्हाला काय कळतंय का?"

मला एवढंच कळलं की तो अजून बोलतोय, माझ्याशी नसला तरी.

आता मागचं थोडं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं, एका माणसाच्या आवाजासाठी हा चहा टाकून का पळाला. मी आणि भूपाल सामान हलवायचं काम करायचो. घर बदलणाऱ्यांचं. लोखंडी कपाट जिन्यावरून उतरवताना एक माणूस वर लागतो, एक खाली. वजन खालच्याच्या अंगावर. त्याला कपाटाशिवाय काही दिसत नाही, स्वतःचे पायसुद्धा नाहीत. वरच्याला सगळं दिसतं, म्हणून वरच्यानं बोलायचं. पायरी, पायरी, पायरी, सपाट. तो बोलतो तसा खालचा पाय टाकतो. भूपाल कायम खाली आणि मी कायम वर, कारण त्याला पाठ होती आणि मला तोंड.

तोंड कसलं म्हणाल तर, एका नव्या भाडेकरूला मी पटवून दिलं होतं की सांगलीच्या हवेत फ्रीज पूर्वेकडं तोंड करून ठेवला नाही तर गारच होत नाही. स्वयंपाकघरात वाट अडवून तो फ्रीज तसा दोन वर्षं उभा होता म्हणतात.

तर, विश्रामबागला एका तिसऱ्या मजल्यावरून आरशाचं कपाट उतरवत होतो. घरची मालकीण आणि तिच्या दोन बहिणी वर कठड्याशी उभ्या. बघणारी माणसं दिसली की माझ्या अंगात येतं. मजला संपून सपाट आलं तिथं मी म्हणालो, "पायरी." नुसती गंमत. खुर्च्या-टेबलांच्या वेळी शंभरदा केलेली. खालचा माणूस पायरी समजून पाय खोल टाकतो, टाच दणकन फरशीवर बसते, तो शिव्या घालतो, सगळे हसतात. कपाट असताना करायची नाही असा आमचा करार होता. त्या दिवशी मी केली. भूपालचा गुडघा हबकला, कपाट घसरलं आणि त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं कपाट आणि कठड्याच्या मधे सापडली. तुटली नाहीत. पण वळायची थांबली.

तीनदा त्याच्या घरी गेलो. तिन्ही वेळा त्याची आई दारात आली आणि म्हणाली, झोपलाय. जुन्या वळणाची जैन बाई, मुंगी दिसली तर पाय उचलून धरणारी. खोटं बोलताना तिचा चेहरा असा व्हायचा की मलाच लाज वाटायची. तिसऱ्या वेळी तर आत तो भिंतीला टेकून बसलेला दिसत होता. नंतर कानावर आलं, त्याच्या भावजींनी पुण्यात एका सोसायटीत वॉचमनची नोकरी बघितली आहे, पुढच्या एक तारखेला तो आईला घेऊन जाणार. तौफिकनं हाक मारली तो दिवस एकोणीस तारखेचा. मधल्या काळात मी दुसरे दोन गडी घेऊन बघितले होते. एकानं गिऱ्हाइकाचा आरसा फोडला, दुसऱ्यानं माझं नाक.

मी तौफिकला म्हणालो, "मला ह्या तिजोरीच्या मागं उभं कर."

"बोललात तर आवाज ओळखंल की तो."

"बोलतोय कोण."

त्या खेळात एक मलमपट्टी करणारा गडी असतो. तो तिजोरीच्या आसपास राहून तिच्या जखमा भरतो, हातात बंदूक नावाला. मी तो घेतला. नाव ठेवलं नर्सबाई. माईकची काडी कपाळाकडं वळवून ठेवली आणि एका बोटानं टाइप केलं, नमस्कार.

कानात आलं, "नमस्कार. आपण खरंच नर्स हाय का?"

आता कुणी असं विचारल्यावर माझ्यासारख्यानं काय करावं. मी लिहिलं, होय, मिरजेत असते, हॉस्टेलवर राहते, बोलता येत नाही. त्या क्षणापासून मी 'अहो नर्सबाई' झालो. एकोणीस वर्षं 'लेका सर्ज्या' ऐकलेला माणूस मी. असा मान मला आमच्या घरीसुद्धा मिळालेला नाही.

पहिल्या दिवशी मी नऊ वेळा मेलो. भूपाल एकदाही वैतागला नाही. दोन डावांच्या मधे सावकाश समजावून सांगायचा. तुम्ही माझ्या बरोबर मागं उभारू नका, म्हणाला, पाठीला लोखंड पातळ असतंय, मला चुकलेली गोळी तुम्हाला लागते. भिंतीकडच्या खांद्याला या. भिंत एका अंगाला, मी दुसऱ्या, मधे तुम्ही. मी तसा उभा राहिलो आणि दोन मिनिटं जगलो. तौफिकनं मला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, आपण पुढं का जात नाही, ती पोरं कशी पळत जाऊन मारतात.

"नर्सबाई, मैदानातली तिजोरी म्हणजे बाजारातला भोपळा. येईल तो टिचकी मारून जातंय. आपण दार बघायचं, नाहीतर जिन्याचं वळण. जिथं एका वेळी एकच कपाट मावतंय अशी जागा. आणि तिथं आपणच कपाट व्हायचं."

मी पडद्याकडं बघत बसलो. तौफिकनं नऊ दिवस डोकं खाजवून जे सापडलं नव्हतं ते हेच होतं. तो लढतच नव्हता, जिन्यात अडकलेलं कपाट झाला होता. ज्यांनी कधी कपाट हलवलं आहे त्यांना विचारा, जिन्यात अडकलेल्या कपाटापुढं जगात कुणाचं काही चालत नाही.

मग मला नादच लागला. गिऱ्हाइकांना सकाळच्या वेळा द्यायचो आणि तीनला तौफिककडं हजर. रोज काहीतरी नवं. बंदूक फिरायला लागायला दोन क्षण जातात, म्हणून वळणाच्या अलीकडंच ती चालू करायची. हा चालू करायचा आणि मारायचा नाही. नुसती घर्रर्र. पलीकडची पोरं तो आवाज ऐकून जागच्या जागी थिजायची, कारण त्यांना काय ठाऊक, ह्या बंदुकीतून काही निघत नाही. माघार घ्यायची तर पाठ फिरवून पळायचं नाही, तोंड तिकडंच ठेवून एकेक पाऊल मागं सरकायचं. समोरच्याची गोळ्या भरायची वेळ ऐकून ओळखायची आणि तेवढ्यात दोन पावलं पुढं व्हायचं. आणि तिजोरीला मान वळवायला वेळ लागतो, म्हणून शेजारच्यानं सांगायचं, कुठून कोण येतंय. त्यासाठी मी एकेक अक्षर ठरवलं. डावीकडून कुणी आलं की डी, उजवीकडून यू, मागून एम. मी अक्षर दाबायचो आणि ते धूड हळूच त्या अंगाला झुकायचं.

दोन बोटं वळत नसल्यानं त्याला डाव्या हाताची बटणं धड दाबता येत नव्हती, हे मला त्याच्याकडूनच कळलं. पळणारा गडी त्याला झेपलाच नसता. शिकायला त्याच्याकडं राहिलेला भाचा हॉस्टेलला गेला, त्याचा कॉम्प्युटर घरी राहिला, आणि ह्यानं सगळे गडी बघून तो घेतला ज्याला पळावं लागत नाही.

मी एकदा विचारलं, मारत का नाही. तो थोडा ओशाळला.

"खेळातलं पाप लागत नसतंय, मला ठाऊक हाय. पण आई मागं बसून गहू निवडत असत्या. पडद्याकडं बघत्या मधनंच. कशाला."

तेवढ्यात तिचाच आवाज आला, कुणाशी रे बोलतोयस. नर्सबाई हाईत मिरजेच्या, हा म्हणाला. तिनं विचारलं, त्या जेवल्या का. भूपालनं तो प्रश्न मला जसाच्या तसा पोचवला आणि उत्तर आल्याशिवाय पुढचा डाव सुरू केला नाही.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत ती त्याला जेवायला हाक मारायची आणि मग फाटक पडो की राहो, भूपाल उठायचा. पहिल्यांदा पोरं शिव्या द्यायची. नंतर पंचांग बघितल्यासारखी विचारायला लागली, मगदूमकाका, आज किती वाजेपर्यंत?

पाचव्या दिवशी त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणजे डाव संपल्यावर बाकीचे जाईपर्यंत थांबला.

"नर्सबाई, एक विचारू का? दोन बोटं चेंगरली होती. चार महिने झाले. गरम पाण्यात घालतोय, तेल लावतोय. वळत न्हाईत. आपलं काय मत?"

असल्या वेळी मी काय करतो हे तुम्हाला आता ठाऊक आहे. फ्रीजवाल्याला विचारा. पण बोट काही चालेना. मी लिहिलं, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेला गेलो, एका दवाखान्यात हातापायाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या त्यांच्याकडं. सांगितलं, बोटं वळत नाहीत. त्यांनी माझी बोटं धरली, वळवली, उलटी केली, आणि म्हणाल्या, ही तर तबलजीची बोटं आहेत, खरा पेशंट कुठाय. मग सगळं सांगावं लागलं, पहिल्यापासून. त्या हसल्या नाहीत. चिठ्ठीवर सहा व्यायाम लिहून दिले आणि खाली मोठ्या अक्षरांत, रुग्णास स्वतः घेऊन येणे. मी दुपारी सगळे सहा एका बोटानं टाइप केले. कणीक मळून झाली की तिचा गोळा त्या दोन बोटांनी दाबायचा, पन्नास वेळा, दुखलं तरी थांबायचं नाही. भूपालनं ते आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग आजपासून कणीक तूच मळ.

असे दिवस जात होते आणि एक तारीख जवळ येत होती. तौफिक मला म्हणाला, भाऊ, सांगून टाका आता, नाहीतर तुमची नर्सबाईच त्याला स्टँडवर टाटा करायला जाईल. मी म्हणालो, सांगतो, एकदा विचारू दे. काय विचारायचं होतं ते माझं मलाच धड माहीत नव्हतं. मला बघायचं होतं, मी नसताना तो माझं नाव कसं घेतो.

सत्तावीस तारखेला पोरं जमायला वेळ लागत होता. फाटकात आम्ही दोघंच. मी लिहिलं, बोटं कशी चेंगरली?

तो म्हणाला कपाटाखाली. मी लिहिलं, वरच्या माणसाला दिसलं नाही का.

"तो थट्टेखोर हाय. त्यानं सपाटीला पायरी म्हणून सांगितलं. त्याला वाटतंय मला कळलं न्हाई." मग त्याचा आवाज आणखी खाली गेला. "नर्सबाई, मी पायऱ्या मोजतो. सामान न्यायला वर जाताना मोजतो आणि उतरताना मनात एकेक कमी करत येतो. त्या मजल्याला दहा होत्या. दहा झाल्या होत्या. पायाला पक्कं ठाऊक होतं, सपाट आलंय. आणि वरनं तो म्हणाला, पायरी. मी म्हणलं, मग माझंच मोजायला चुकलं. म्हणून पाय तसा टाकला."

मी टाइप करायला बोट उचललं. एक ओळ लिहिली आणि पुसून टाकली.

"बोटाचा राग न्हाई ओ," तो म्हणाला. "बोटं होतील बरी." आणि पोरं आली म्हणून डाव सुरू केला.

त्या दिवशी आमची बाजू हरली. नर्सबाई जागची हललीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून गेलो होतो की पहिल्या डावानंतर लिहायचं, मी सर्जेराव. तेवढंच. पण समोर त्या दिवशी पट्टीचे खेळणारे होते. तिजोरी समोरून हलत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांचा एक गडी लांबून वळसा घालून डाव्या भिंतीवरून चढला, हातात बाँब. शेवटची वीस सेकंदं. भूपाल समोर बघत होता, बंदूक घरघरत होती. मला डी दाबायचं होतं. एवढंच, एक अक्षर. पण एकोणीस वर्षांची सवय, हात बटणाकडं जायच्या आत तोंड गेलं. माईक कपाळाशी असूनही ऐकू जाईल एवढ्यानं ओरडलो, "भूपाल, डावीकडं बघ!"

तो डावीकडं वळला नाही. ते धूड जसं वळतं तसं, इंच इंच, उजवीकडं फिरलं आणि माझ्यासमोर येऊन थांबलं. डाव्या भिंतीवरून बाँब आला, त्याच्या पातळ पाठीवर फुटला, तरी ते माझ्याकडंच बघत होतं. मग बंदूक फिरायला लागली. दोन क्षण लागतात, मला ठाऊक होतं. पळायला पुरेसे असतात. मी भिंतीला चिकटून उभा राहिलो.

आणि भूपाल आण्णाप्पा मगदुमानं आयुष्यातला पहिला माणूस मारला.

आपल्याच बाजूचा मारला तर तो गेम एक वजा करतो. तक्त्यात आकडा आला, उणे एक. मी मेल्यावर दहा सेकंदांनी परत जिवंत झालो आणि चालत चालत फाटकात गेलो. उणे दोन. फाटक पडलं, पोरांनी आम्हा दोघांच्या घराण्यांचा उद्धार केला, नवा डाव लागला. उणे तीन. मी जायचो, भिंतीकडच्या खांद्याला उभा राहायचो, तो वळायचा, मारायचा. तौफिक मागं उभा राहून मोजत होता. उणे चौदाला दिवस मावळायला आला, आईची हाक आली, आणि तो गेला.

तौफिक म्हणाला, "भाऊ, तुम्ही हसायलाय की रडायलाय?"

मी म्हणालो, चौदा वेळा मारायला माणूस समोर लागतो. पुण्यात वॉचमनच्या खुर्चीत बसून ते जमत नाही.

पण एकोणतीसला तो खेळायला आला नाही. तीसलाही तीन वाजले, साडेतीन वाजले, फाटकात नवाच कुणी तिजोरी घेऊन भोपळ्यासारखा मैदानात फिरत होता. मी हेडफोन काढून ठेवला. आणि कॅफेच्या दारात प्रकाश अडला. भूपाल नुसता आत आला तरी दार भरतं. माझा तीनचा चहा कुठल्या कट्ट्यावर असतो हे त्याला ठाऊकच होतं.

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. तौफिकला विचारलं, "मिरजेच्या नर्सबाई कुठं बसतात?"

तौफिकनं माझ्याकडं बोट दाखवलं आणि आपल्याच दुकानातून बाहेर पळाला.

भूपाल शेजारच्या खुर्चीत बसला. खुर्ची करकरली. "ते कणकेचं कुणी सांगितलं?"

मी खिशातून चिठ्ठी काढून दिली. त्यानं ती दोनदा वाचली, खालची मोठ्या अक्षरांतली ओळ वाचली, घडी घालून वरच्या खिशात ठेवली. मग डावा हात टेबलावर ठेवून ती दोन बोटं वळवली. पुरती नाही वळली. अर्ध्यावर येऊन थरथरली.

"पुण्याला नको म्हणून कळवलंय," तो म्हणाला. "आईला तिथं करमायचं न्हाई."

मी हेडफोनची वायर गुंडाळत राहिलो. त्याच्यापुढं न बोलता बसायची माझी ती पहिली वेळ.

"परवापासनं येतो. खाली मीच राहणार, पट्टा खांद्यावर घेतला की बोटाचं काम पडत न्हाई. पण जिन्यावर तू तोंड उघडायचं न्हाई."

"मग तुला कळणार कसं?"

"कपाटावर बोट वाजवायचं. पायरीला एक, सपाटीला दोन. तुझ्या तोंडावर माझा विश्वास उरला न्हाई, लेका. बोटावर हाय. इतके दिवस डी म्हणलास तिथं डावीकडंच माणूस होता."

"नर्स आहे म्हणून पण त्याच बोटानं सांगितलं होतं."

"ते सोडून."

मी विचारलं, आणि मला चौदा वेळा मारलंस त्याचं काय, आई बघत होती की.

"तिनं विचारलं, कुणाला मारायलाईस. म्हणलं, सर्ज्याला. तर म्हणाली, मग असू दे."

ह्याला चौदा वर्षं झाली. गिऱ्हाइकाच्या दारात मी बोलतो, टेम्पोत बोलतो, झोपेत बोलतो असं बायको सांगते. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की तोंड बंद. कधी कधी वर बायका-पोरं जमलेली असतात आणि अशी एखादी गंमत ओठांवर येते की डोळ्यांत पाणी उभं राहतं. गिळतो.

परत सुरुवात केली तो पहिला जिना गावभागातला, दुसरा मजला, एका शिक्षिकेचं दोन दारांचं कपाट. खाली भूपाल, वर मी, मोकळं फक्त मधलं बोट. टक. टक. टक. बाई आमच्या मागून येत होत्या. निम्म्यावर आल्यावर त्यांना राहवेना. म्हणाल्या, तुम्ही एकमेकांशी बोलत का नाही हो, भांडण झालंय का?

"होय," कपाटाच्या खालून आवाज आला. "चालूच हाय अजून."

सपाट आलं. मी दोनदा वाजवलं. खालून फरशीवर अंगठा घासत पुढं सरकल्याचा आवाज आला, चाचपत, आणि त्याच्यामागून पाय.